403 दिसला की डीएनएसला हात लावू नका : क्लाउड सर्व्हरवरच्या या चुका टाळा

साइट उघडत नाही म्हटलं की वागळे इस्टेट असो वा महापे, पहिला हात डीएनएस (डोमेनच्या नावावरून सर्व्हरचा आयपी पत्ता सांगणारी यंत्रणा) पॅनेलकडे जातो, नाहीतर सीएचमॉड 777 कडे, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या देणाऱ्या कमांडकडे. आधी ब्राउझरमधला संदेश वाचा. एनएक्सडोमेन असेल तर नावच सापडत नाहीये. परवानग्या बदलून काही होणार नाही. 403 (प्रवेश नाकारला) आला तर विनंती वेब सर्व्हरपर्यंत पोचली आहे. तो आपलाच सर्व्हर आहे ना, एवढं डिग (डीएनएसला विचारणारी कमांड) चालवून आयपी पाहून ठरवा.

सर्व्हर बदलल्यावर वाशीत मोबाईलवर नवी साइट आणि ठाण्याच्या ऑफिसात जुनी, हा बिघाड नव्हे. टीटीएल, म्हणजे डीएनएसचं उत्तर किती सेकंद साठवायचं तो आकडा, 86400 असेल तर रिझॉल्व्हर (आपल्या वतीने नाव शोधणारा सर्व्हर) जुना आयपी 24 तासांपर्यंत धरून ठेवतो. त्यामुळे टीटीएल 300 करायचा तो निदान एक दिवस आधी. आयपी बदलल्यावर कमी करून उपयोग नाही. डोमेनच्या नेमसर्व्हरलाच (त्याच्या नोंदी ठेवणारा सर्व्हर) थेट विचारा: डिग, पुढे ॲट लावून नेमसर्व्हर, मग डोमेन. तिथे नवा आयपी असेल तर थांबा. तिथेही जुनाच असेल तर बहुधा भलत्याच पॅनेलमध्ये बदल केलाय: डोमेन एकीकडे घेतलेलं, नेमसर्व्हर दुसऱ्याचे. एएएए रेकॉर्डही (आयपीव्ही6 पत्त्याची नोंद) तपासा. तो जुना राहिला तर आयपीव्ही6 वरचे मोबाईल जुन्याच सर्व्हरवर जातात. आणि ॲमेझॉनच्या ईसी2 क्लाउड सर्व्हरवर इलास्टिक (कायम राहणारा) आयपी नसेल तर मशीन बंद करून चालू केलं की सार्वजनिक आयपी बदलतो. रीबूटने बदलत नाही.

आता परवानग्या, कारण खरं नुकसान इथे होतं. फाइल 644 आहे (मालक लिहू शकतो, बाकीचे फक्त वाचू शकतात), तरी 403 येतो. दोष बहुतेकदा वरच्या एखाद्या फोल्डरचा असतो: वाटेतल्या प्रत्येक फोल्डरवर वेब सर्व्हरच्या युजरला एक्स (आत शिरण्याची) परवानगी लागते. उबुंटू 21.04 पासून नव्या युजरचं होम फोल्डर 750 (बाहेरच्या युजरना बंद) असतं, म्हणून तिथे ठेवलेली साइट एनजिनएक्स या वेब सर्व्हरला वाचता येत नाही. 'नेमआय -एल' आणि पूर्ण पाथ दिला की वाट कुठे अडली ते ओळीओळीने दिसतं. साइट /व्हार/डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू मध्ये हलवणं हा सरळ उपाय.

होमवर 'सीएचमॉड -आर 777' कधीच चालवू नका. एसएसएच (सर्व्हरमध्ये दुरून शिरण्याची सोय) अशा फोल्डरमधली लॉगिनची की नाकारतं आणि आपण बाहेर अडकतो. चालू सेशन असेल तर ते बंद करू नका. नसेल तर क्लाउडच्या कन्सोलमधून शिरा. होम 750, .एसएसएच 700 आणि ऑथोराइज्ड-कीज फाइल 600 करा. साइटच्या फोल्डरना 755, फाइल्सना 644 पुरतं. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल 640, ग्रुप वेब सर्व्हरचा.

अल्मालिनक्स या लिनक्स प्रकारावर एवढं करूनही 403 राहिला तर एसईलिनक्सचं (परवानग्यांपलीकडची सुरक्षा-यंत्रणा) लेबल पाहा, 'एलएस -झेड' ने. एमव्हीने हलवलेली फाइल होममधलं जुनं लेबल सोबत आणते, सीपीने केलेली प्रत नव्या फोल्डरचं घेते. लेबल दुरुस्त करायला साइटच्या फोल्डरवर 'रिस्टोरकॉन -आरव्ही' चालवा. एसईलिनक्स बंद करायची गरज नाही.