हातातल्या अ‍ॅम्पला जुळणारे भारी स्पीकर कसे निवडायचे

अ‍ॅम्प (अ‍ॅम्प्लिफायर) घरात आहे, त्याचा आवाज आवडतोय, तो काही विकायचा नाहीये आणि आता स्पीकरवर दणकून खर्च करायचाय, असं असेल तर स्पीकरची ब्रोशरं जरा बाजूला ठेवा आणि आधी अ‍ॅम्पचं मॅन्युअल शोधा. त्यातले ८ ओमला किती वॉट आणि ४ ओमला किती वॉट हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहून घ्या. ओम म्हणजे स्पीकर करंटला किती अडवतो त्याचं माप, आकडा जितका कमी तितका करंट जास्त द्यावा लागतो. ८ ला ८० आणि ४ ला १५० च्या आसपास देत असेल तर पॉवर सप्लाय दणकट आहे, करंट द्यायची ताकद आहे, बहुतेक स्पीकर तुम्हाला खुले आहेत. ८ ला १०० आणि ४ ला जेमतेम ११५-१२० असेल तर कागदावर मोठा दिसतो पण अवघड लोड (जास्त करंट ओढणारा स्पीकर) आला की लवकर दम टाकतो. आणि ४ ओमचा आकडाच दिला नसेल किंवा मागे टर्मिनलपाशी ६ ते १६ ओम असं छापलं असेल तर ते शोभेला छापलेलं नाहीये, ४ ओमचे स्पीकर यादीतून सरळ काढून टाका, डेमोत कितीही गोड वाजले तरी.

आता सेन्सिटिव्हिटी. स्पीकरला २.८३ व्होल्ट दिल्यावर १ मीटरवर किती डेसिबल आवाज येतो तो हा आकडा. ८ ओमला २.८३ व्होल्ट म्हणजे १ वॉट, पण ४ ओमला तेच २ वॉट होतात, त्यामुळे ४ ओमच्या स्पीकरवर ८९ लिहिलंय आणि ८ ओमवाल्यावर ८७, तर १ वॉटला पहिला खरा ८६ च देतोय, म्हणजे दुसऱ्यापेक्षा कमी, आणि हे कोणी ठळक अक्षरात सांगत नाही. शिवाय कंपनीचा आकडा बऱ्याचदा जरा फुगवलेला असतो, बाहेरच्या कोणी मोजला की २-३ डेसिबल कमी निघणं यात नवल काही नाही. ३ डेसिबल थोडे वाटतात पण तेवढ्यासाठी अ‍ॅम्पला दुप्पट वॉट द्यावे लागतात.

एकदा हिशेब करून बघाच. ८६ डेसिबलचे दोन स्पीकर, तुम्ही ३ मीटरवर बसलाय, अंतरामुळे आवाज कमी होतो पण दोन स्पीकर आणि खोलीच्या भिंती मिळून थोडा परत देतात, तर १-१ वॉटला खुर्चीपाशी साधारण ८२-८३ डेसिबल पडतात. गाणं सरासरी ८० ला वाजत असलं तरी ड्रमचे फटके १५-२० डेसिबल वर उडी मारतात, म्हणजे १०० पर्यंत न फाटता जायचं तर दर चॅनेलला (म्हणजे एकेका स्पीकरला) ५०-६० वॉट हवेत. तेच स्पीकर ९२ चे असतील तर १५ वॉटच्या आत काम होतं. म्हणून १५ वॉटचा अ‍ॅम्प असलेल्याने ८५-८६ चे स्पीकर बघूच नयेत असं माझं मत, अगदी छोट्या खोलीत हळू आवाजात ऐकणारा असेल तर गोष्ट वेगळी.

पण खरी गोम इम्पिडन्समध्ये, म्हणजे त्या ओमच्या आकड्यात आहे. ८ ओम लिहिलेला स्पीकर सगळ्या फ्रिक्वेन्सींना (आवाजाच्या खालच्या-वरच्या पट्ट्यांना) ८ ओम नसतो, कुठे ३० वर चढतो कुठे ३ वर उतरतो. आयईसी या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या नियमाप्रमाणे सगळ्यात खालचा बिंदू लिहिलेल्या आकड्याच्या ८० टक्क्यांखाली जायला नको, म्हणजे ८ ओमला ६.४, पण हा नियम किती जण पाळतात ते फ्रिक्वेन्सीप्रमाणे इम्पिडन्स दाखवणारा ग्राफ बघितला की कळतं. त्यामुळे ग्राफ बघितल्याशिवाय पैसे देऊ नका. स्टिरिओफाइल मासिकात जॉन अ‍ॅटकिन्सन यांनी वर्षानुवर्षं स्पीकर मोजून हे ग्राफ छापलेत, तुमच्या यादीतल्या मॉडेलचा तिथे मिळाला तर उत्तम. बघायचं काय, तर सगळ्यात खालचा बिंदू किती आणि कुठे आहे. १०० हर्ट्झच्या आसपास ३ ओम असेल तर जड, कारण गाण्याची बरीच ताकद तिथेच असते, १० किलोहर्ट्झला ३ ओम असेल तर तेवढी चिंता नाही. त्याच ग्राफवर फेज अँगलची (व्होल्टेज आणि करंट एकमेकांच्या किती पुढेमागे आहेत त्याची) दुसरी रेघ असते, इम्पिडन्स खाली आणि तिथेच फेज उणे ४५ अंशांच्या पलीकडे गेलेला, असं दोन्ही एकाच जागी दिसलं तर अ‍ॅम्पला तो स्पीकर लिहिल्यापेक्षा कितीतरी जड जातो.

सेन्सिटिव्हिटी कमी म्हणजे लोड अवघड असं मात्र समजू नका. बीबीसीने सत्तरच्या दशकात काढलेला एलएस३/५ए हा छोटा मॉनिटर स्पीकर ८२-८३ डेसिबलचाच आहे, पण मूळचा १५ ओमचा, त्याला वॉट लागतात, करंटचा त्रास नाही, म्हणून ट्यूब (व्हॉल्व्ह) अ‍ॅम्पवाले त्याच्यावर इतके जीव टाकतात. दुसरं टोक म्हणजे ऐंशीच्या दशकातला अपोजी सिंटिला हा रिबन स्पीकर, १ ओमचा लोड, चांगले चांगले अ‍ॅम्प त्याच्यापुढे गार पडायचे.

ट्यूब अ‍ॅम्प असेल तर अजून एक भानगड, त्याचा आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे त्याचा स्वतःचा आतला अडथळा, जास्त असतो, त्यामुळे स्पीकरचा इम्पिडन्स जिथे चढतो तिथे आवाज पण थोडा चढतो, म्हणजे एकच स्पीकर ट्रान्झिस्टरवर एक आणि ट्यूबवर वेगळाच वाजतो. म्हणून ट्यूबवाल्यांनी ग्राफ जितका सपाट तितका बरा असं धरून चालावं, आणि ४ आणि ८ ओमचे दोन्ही टॅप (अ‍ॅम्पमागची स्पीकर जोडायची टोकं) लावून ऐकावं, छापलेल्या आकड्यावर जाऊ नये. वायर बदलताना अ‍ॅम्प बंद, आणि स्पीकर न जोडता ट्यूब अ‍ॅम्प चालू करायचा नाही, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जायचा. काही जुन्या क्लास डी (स्विचिंग पद्धतीच्या) अ‍ॅम्पचा वरचा आवाज पण लोडप्रमाणे बदलतो, नव्या चांगल्या डिझाइनमध्ये हा प्रश्न जवळजवळ संपलाय.

खोलीबद्दल थोडक्यात, कारण तो वेगळाच विषय आहे. ४ मीटर लांब खोलीत ४३ हर्ट्झच्या आसपास बास आपोआप घुमतो, त्यात २५ हर्ट्झपर्यंत जाणारा टॉवर (जमिनीवर उभा राहणारा उंच स्पीकर) आणून भिंतीला चिकटवला तर डबल बासचा प्रत्येक सूर सारखाच ऐकू येईल. छोट्या खोलीत चांगला स्टँडमाउंट (स्टँडवर ठेवायचा छोटा स्पीकर) घेतला तर कमीपणा अजिबात नाही. उलट क्लिप्शहॉर्नसारखा १९४६ पासून बनत असलेला हॉर्न स्पीकर, कंपनीच्या आकड्याप्रमाणे १०५ डेसिबल, ५ वॉटवर खोली हलवेल, पण त्याला दोन मोकळे कोपरे लागतात, तेच नसतील तर अ‍ॅम्प कितीही जुळला तरी उपयोग नाही.

यादी दोन-तीन मॉडेलवर आली की ऐकायला स्वतःचा अ‍ॅम्प उचलून न्या, जड असला तरी. दुकानातल्या ३०० वॉटच्या मोनोब्लॉकवर (प्रत्येक स्पीकरला वेगळा अ‍ॅम्प) स्पीकर कसा वाजतो याचा तुमच्याशी संबंध नाही. दोन स्पीकरची तुलना करताना आवाज सारखा करा, पिंक नॉइज (धबधब्यासारखा एकसारखा आवाज) लावून फोनवरच्या मीटरने जमेल तितका जवळ आणा, कारण १ डेसिबल मोठा वाजणारा स्पीकर मोठा न वाटता जास्त चांगला वाटतो आणि माणूस तिथेच फसतो. ऑडिओफाइल डेमोच्या सीडी नकोत, तिथे सगळंच छान वाजतं. तुम्हाला पाठ असलेलं गाणं लावा, एखादं वाईट रेकॉर्ड झालेलं पण लावा, आणि एक असं ज्यात डग्ग्याचा घुमारा किंवा बास गिटार सलग आहे. आवाज वाढवत जाताना बास सैल पडायला लागला, गायकाचा आवाज कडक झाला किंवा सगळं एकमेकांवर चढून बसलं तर अ‍ॅम्प कमी पडतोय. आणि फार हळू आवाजात पण ऐका, रात्री तसंच ऐकणार आहात.

मग शक्य असेल तर ते घरी आणून ठेवायला मागा, एवढा खर्च करताय तर मागण्यात संकोच कसला. घरी नेहमीपेक्षा थोड्या मोठ्या आवाजात तासभर वाजवून अ‍ॅम्पच्या वरच्या जाळीपाशी हात नेऊन बघा. जुन्या स्पीकरवर जेवढा तापायचा त्यापेक्षा बराच जास्त तापत असेल किंवा प्रोटेक्शनमध्ये जात (स्वतःला वाचवायला आपोआप बंद होत) असेल तर ग्राफ काहीही म्हणो, हे स्पीकर परत द्या, आणि दुकानदार लगेच मोठा अ‍ॅम्प सुचवेल तर त्याला सांगा की अ‍ॅम्प ठरलेलाच आहे, दुसरे स्पीकर दाखवा.