सगळ्यांचा एकच पासवर्ड? सॉफ्टवेअरच्या परवानग्या देताना या चुका टाळा

हळदीचा हंगाम जोरात होता. सांगलीच्या मार्केट यार्डातल्या एका अडत दुकानातून संध्याकाळी फोन आला. एका शेतकऱ्याच्या पट्टीत, म्हणजे विकलेल्या मालाच्या हिशेबाच्या कागदात, सकाळी एक दर आणि दुपारी दुसराच. जाऊन बघितलं, तर टॅली या हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या एडिट लॉगमध्ये, म्हणजे बदलांच्या नोंदवहीत, बदल दिसत होता, वेळही दिसत होती: बारा वाजून चाळीस मिनिटं. नाव मात्र 'अ‍ॅडमिन'. दुकानातले पाचही जण त्याच नावानं आत जायचे. पासवर्ड टेबलाच्या काचेखाली, चिठ्ठीवर.

सगळ्यांच्या नजरा नव्या पोराकडे वळल्या. त्यानं काही केलेलं नव्हतं, पण तसं दाखवायला त्याच्याजवळ काहीच नव्हतं. डबा न उघडताच तो घरी गेला. दोन दिवसांनी थोरल्या दिवाणजींना स्वतःलाच आठवलं, की दुसऱ्या पट्टीची दुरुस्ती चुकून या पट्टीत झाली होती.

म्हणून कुणी "आमची माणसं विश्वासाची आहेत, वेगळे पासवर्ड कशाला?" म्हणालं की मी सांगतो, विश्वासाची आहेत म्हणूनच द्या. खापर फुटायची वेळ आली तर त्या माणसाच्या बाजूनं बोलायला त्याच्या नावाची नोंद असू दे. टॅलीप्राइममध्ये कंपनी ऑल्टर करताना 'कंट्रोल यूजर अ‍ॅक्सेस टू कंपनी डेटा' याला येस करा, मग ऑल्ट+के दाबून आधी रोल (कुठल्या कामाच्या माणसाला काय करता येईल याची यादी) बनवा, नंतर माणसं जोडा. प्रायव्हेट लिमिटेडवाल्यांना तर 1 एप्रिल 2023 पासून ऑडिट ट्रेल, म्हणजे प्रत्येक बदलाची नोंद, असलेलंच अकाउंटिंग सॉफ्टवेअर वापरणं बंधनकारक आहे. पण पाच माणसं एकाच नावानं काम करत असतील, तर कुणी काय बदललं हे त्या ट्रेलमधूनही कळत नाही.

दुसरी चूक जास्त नडते, कारण ती मदत करताना होते. बिलं करणारी मुलगी म्हणते, "सर, मला ई-वे बिलाचा ऑप्शनच दिसत नाहीये." मालाच्या वाहतुकीसाठी लागणारं हे ऑनलाइन बिल निघेना आणि बाहेर ट्रक भरून उभा, ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय. मालक म्हणतात, "दे रे तिला अ‍ॅडमिन, नंतर बघू." ते 'नंतर' कधीच येत नाही. अशा वेळी दोन मिनिटं थांबा. तिच्याच लॉगिननं आत जा आणि तिला काय दिसतंय ते स्वतः बघा. तुमच्या स्क्रीनवर सगळं दिसणारच, तुम्ही अ‍ॅडमिन आहात. मग तिचा रोल उघडा. त्यात ते काम मुळात दिलंय का? की नकाराच्या यादीत राहून गेलंय? हवी ती एकच परवानगी वाढवा आणि तिला बाहेर पडून पुन्हा लॉगिन करायला सांगा. बऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये नवा हक्क त्याशिवाय लागूच होत नाही, आणि लोक उगाच आणखी परवानग्या देत सुटतात. ई-वे बिलाच्या पोर्टलवर तर सब-यूजर, म्हणजे मुख्य खात्याखाली वेगळं लॉगिन, करता येतो. मुख्य आयडी कुणाला द्यायची गरजच नाही.

मागच्या तारखेच्या नोंदींचंही असंच. भीतीपोटी त्या पूर्ण बंद केल्या, की काल रात्री उशिरा उतरलेल्या पोत्यांची नोंद अडते आणि सगळे पुन्हा मालकाचा पासवर्ड मागतात. टॅलीत किती दिवस मागे जायची मुभा द्यायची, ते रोलमध्येच ठरवता येतं. दोन-तीन दिवस पुरतात.

टॅलीतले हक्क कडक आणि डेटाचं फोल्डर मात्र नेटवर्कवर सगळ्यांना उघडं, हेही नेहमी दिसतं. कुणीही ते फोल्डर पेनड्राइव्हवर घेईल, किंवा चुकून डिलीट करेल. विंडोजमध्ये नेटवर्कवरच्या शेअरिंगची परवानगी वेगळी आणि फोल्डरची वेगळी असते. नेटवर्कवरून येणाऱ्याला या दोन्हींतली जी कडक, तीच लागू होते. 'मी दिलंय तरी उघडत नाही' या तक्रारीचं मूळ बहुतेक वेळा इथंच सापडतं. टॅलीव्हॉल्टचा, म्हणजे टॅलीतला डेटा कुलूपबंद करणाऱ्या सोयीचा, पासवर्ड मात्र कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. तो विसरला तर डेटा उघडून द्यायला कुणीच येऊ शकत नाही, मीही नाही.

आणि सोडून गेलेली माणसं. जुन्या अकाउंटंटचा मोबाइल जीएसटी पोर्टलवर तसाच राहतो आणि ओटीपी त्याच्याकडे जात राहतो. नंबर बदलायलाही ओटीपी लागतो. तो माणूस फोन उचलेनासा झाला, की कागदपत्रं घेऊन जीएसटी अधिकाऱ्याकडं जावं लागतं. पगाराचा शेवटचा हिशेब करायच्या दिवशीच त्याचं लॉगिन बंद करा, नंबर बदला, बँकेतलं नावही तपासा.

हंगाम सुरू व्हायच्या आधी मी यूजरची यादी काढून मालकांसमोर ठेवतो आणि एकेका नावावर बोट ठेवून विचारतो, "हे कोण?" गेल्या खेपेला एका गाळ्यावर अकरा नावं निघाली. कामावर माणसं सहा होती.