व्हिसा नाकारल्याचं पत्र कसं वाचायचं आणि पुढं काय करायचं

पासपोर्ट परत आला, आत स्टिकर नाही. अशा वेळी व्हिसाचे अर्ज स्वीकारणाऱ्या व्हीएफएस कंपनीच्या काउंटरवर वाद घालून काही हाती लागत नाही. ते कागद गोळा करून पुढं पाठवतात, निर्णय त्या त्या देशाचा अधिकारी घेतो. पाकिटातलं किंवा ईमेलवर आलेलं पत्र हातात घ्या, आणि ते नीट कळेपर्यंत नवी फी भरू नका.

शेंगेनचं, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांच्या सामाईक व्हिसाचं, पत्र म्हणजे ठरलेला छापील फॉर्म, कारणांपुढे खुणा केलेल्या. प्रवासाचा हेतू पटला नाही, या कारणापुढे खूण असेल तर हॉटेल, तिकीट आणि रजेच्या तारखा शेजारी ठेवून तपासा. घोळ बहुधा तिथंच सापडतो. अपील कुठं आणि किती दिवसांत करायचं, हेही त्यात दिलेलं असतं. जर्मनीनं रिमॉन्स्ट्रेशनची, म्हणजे नकाराचा फेरविचार मागण्याची, सोय १ जुलै २०२५ पासून बंद केली आहे. त्याचे पैसे मागणारा एजंट भेटला तर सरळ उठून या.

बीकेसीत अमेरिकेच्या वकिलातीच्या खिडकीवर मिळालेल्या कागदावर त्यांच्या कायद्याच्या कलमाचा आकडा कोणता, ते बघा. २२१(जी) म्हणजे प्रकरण अडकलंय: मागितलेले कागद वर्षभरात द्यायचे, नवी फी नाही. २१४(बी) म्हणजे तुम्ही परत याल हे पटलं नाही. त्यावर अपील नाही. नवा डीएस-१६० (ऑनलाइन अर्ज), नवी फी, नवी मुलाखत. पुन्हा लगेच जाता येतं, पण परिस्थितीत काही बदललं नसेल तर उत्तरही बहुधा तेच मिळतं.

ब्रिटनच्या व्हिजिटर व्हिसालाही अपील नाही. स्टुडंट व्हिसा भारतातून मागितला असेल तर २८ दिवसांत, ८० पौंड भरून, प्रशासकीय फेरतपासणी मागता येते. पण ती अधिकाऱ्याची चूक दाखवण्यासाठी, राहिलेले कागद जोडण्यासाठी नव्हे. कॅनडा जुलै २०२५ च्या अखेरीपासून व्हिजिटर, स्टडी आणि वर्क परमिटच्या बऱ्याच नकारांसोबत अधिकाऱ्याच्या नोंदी पाठवतो. त्या आधी वाचा, खरं कारण पत्रापेक्षा तिथं स्पष्ट असतं.

आता पैशांचं. मुंबईत अर्ज इथं फार अडकतात, आणि बऱ्याचदा पैसे कमी असतात म्हणून नव्हे. पगार ५५,००० रुपये, खात्यात एरवी २०-३० हजार, आणि अर्जाच्या आठ दिवस आधी एकदम ४ लाख जमा. अधिकारी विचारतो तो प्रश्न एकच: हे आले कुठून? एफडी मोडली असेल तर मोडल्याची पावती लावा. वडिलांनी दिले असतील तर त्यांचं पत्र, सहा महिन्यांचं स्टेटमेंट आणि आयटीआर. गावची जमीन विकली असेल तर खरेदीखत. सातबारा, खरेदीखत असे मराठी कागद नुसते जोडू नका. इंग्रजी भाषांतर हवं, त्यावर भाषांतरकाराचं नाव, सही आणि तारीख. डोंबिवलीचा फ्लॅट दाखवला की झालं, असं अनेकांना वाटतं. फ्लॅटनं मालमत्ता दिसते, प्रवासाचा खर्च कुठून करणार ते दिसत नाही. परत येण्याचा भरवसा त्यापेक्षा कंपनीच्या पत्रानं बसतो: पद, पगार, रजा कधीपासून कधीपर्यंत, कामावर रुजू कधी.

पुन्हा अर्ज करताना कव्हर लेटर एका पानाचं ठेवा. आधीच्या पत्रातलं प्रत्येक कारण घ्या आणि त्यापुढे कोणता नवा कागद जोडलाय ते लिहा. ‘मी प्रामाणिक माणूस आहे’ छापाचे परिच्छेद गाळा.

‘पूर्वी कुठल्या देशानं व्हिसा नाकारला होता का?’ या प्रश्नाला खरं उत्तर द्या, देश दुसरा असला तरी. एका नकारानं दार बंद होत नाही. लपवाछपवी मात्र महागात पडते: कॅनडात खोट्या माहितीसाठी ५ वर्षं बंदी, ब्रिटनमध्ये फसवणुकीसाठी १० वर्षांपर्यंत, अमेरिकेत तर कायमची अपात्रता येऊ शकते.

अर्ज एजंटानं भरला असेल तर सादर केलेल्या फॉर्मची पीडीएफ त्याच्याकडून मागून घ्या आणि ओळ न् ओळ वाचा. पगाराचा आकडा फुगवलेला किंवा जुना नकार गाळलेला निघाला, तरी खाली डिक्लरेशन तुमच्या नावाचं असतं.