डिझेल ट्रकला सेंट्रिफ्युगल बायपास ऑइल फिल्टर कसा बसवावा: परतीची लाइन आधी ठरवा

सेंट्रिफ्युगल फिल्टर बसवायचा म्हटलं की सगळी चर्चा प्रेशरच्या लाइनीची होते. टी (तीन तोंडांचा जोड) कुठं लावायचा, होज कितीचा, निपल (होज जोडायची आखूड नळी) कुठला. फिल्टरमधून ऑइल इंजिनात परत नेणाऱ्या, म्हणजे परतीच्या लाइनीबद्दल मात्र एकच सल्ला मिळतो: "चेंबरला भोक पाडा आणि सोडून द्या." (चेंबर म्हणजे इंजिनाखालचं ऑइल साठायचं पात्र.) या सल्ल्यानं बसवलेले फिल्टर मी उघडून पाहिले आहेत. गाडी महिनोन्‌महिने चाललेली असते, रोटरमध्ये, म्हणजे फिल्टरच्या आतल्या फिरत्या भांड्यात, बोटाला लागेल इतकाही गाळ नसतो, आणि मालक समाधानी असतो की आपलं ऑइल स्वच्छ आहे. खरं तर रोटर फिरलेलाच नसतो.

आधी यंत्र समजून घ्या, म्हणजे पुढचं सगळं पटेल. कंपनीचा कागदी फिल्टर ऑइलचा पूर्ण प्रवाह गाळतो, म्हणून त्याचा कागद फार बारीक ठेवता येत नाही. साधारण २५ ते ४० मायक्रॉनच्या वरचे कण तो धरतो. डिझेलच्या काजळीचा मूळ कण एक मायक्रॉनपेक्षाही लहान असतो; असे कण एकमेकांना चिकटून गुठळ्या होतात आणि त्या कागदातून आरामात निसटतात. क्रँकच्या बेअरिंगमधला ऑइलचा थर काही मायक्रॉनचाच असतो, त्यामुळे झीज करणारे कण नेमके हेच. सेंट्रिफ्युगल फिल्टर पंपाच्या प्रवाहातला ५ ते १० टक्के हिस्सा बाजूला घेतो. ऑइल पोकळ दांड्यातून रोटरमध्ये चढतं, तळाच्या दोन नोझलमधून तिरकं बाहेर पडतं आणि त्या धक्क्यानं रोटर फिरतो. मोटर नाही, पट्टा नाही. मिनिटाला ६००० फेरे झाले, तर मध्यापासून पाच सेंटिमीटरवरच्या कणावर गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे २००० पट जोर येतो. कण भिंतीला जाऊन बसतात. स्कॅनियाच्या ट्रक इंजिनांवर आणि लँड रोव्हरच्या टीडी५ इंजिनावर अशी फिरकी कंपनीतूनच बसवलेली असते.

कोणत्या गाडीला

मी इथं टाटा-कमिन्सचं ५.९ लिटरचं सहा सिलिंडरचं जुनं मेकॅनिकल पंपाचं इंजिन डोळ्यांसमोर ठेवून लिहितोय. १६१३ आणि २५१५ टीसी गाड्यांतलं. लेलँड किंवा भारत बेंझच्या जुन्या गाडीलाही पद्धत हीच. वॉरंटीत असलेल्या गाडीला हात लावू नका. बीएस-६ गाडीलाही नको: तिथं ऑइलचं प्रेशर, सेन्सर आणि धुराची यंत्रणा एकमेकांत गुंतलेली आहे, आणि बाहेरून जोडलेल्या एका टीपायी तो सगळा हिशोब बिघडवण्यात अर्थ नाही.

लांब पल्ल्याच्या, तासन्‌तास मिनिटाला १५०० फेऱ्यांच्या वर चालणाऱ्या गाडीला हा फिल्टर खरा उपयोगी. कारखान्याच्या गव्हाणीपुढं रांगेत इंच इंच सरकणारी उसाची गाडी, किंवा दिवसभर आयडलिंगवर उभा असलेला मिक्सर, यांत त्याला फिरण्याइतकं प्रेशरच मिळत नाही. त्या गाड्यांनी पैसे वाचवून ऑइल वेळेवर बदलावं.

आणि एक अट. सेन्सरच्या जागी मेकॅनिकल गेज लावून गरम इंजिनाचं प्रेशर मोजा. या इंजिनाला आयडलिंगवर किमान १० आणि पूर्ण फेऱ्यांवर किमान ३० पीएसआय लागतं. निरोगी इंजिन त्याच्या बरंच वर असतं. गरम इंजिन १५०० फेऱ्यांवर ४५ देत नसेल तर मी फिल्टर बसवत नाही. आधी बेअरिंग आणि पंप बघा. हा फिल्टर झीज कमी करतो, झालेली झीज भरून काढत नाही.

जागा आणि ब्रॅकेट

चेसिसवर, इंजिनाच्या ज्या बाजूला टर्बो नाही त्या बाजूला, आठ मिलिमीटर पट्टीचं ब्रॅकेट. दांडा ओळंब्यात उभा हवा. झाकण आणि रोटर वर उचलून काढता येईल एवढी मोकळी जागा वर सोडा. हाउसिंगचा, म्हणजे फिल्टरच्या बाहेरच्या डब्याचा, तळ चेंबरमधल्या ऑइलच्या पातळीपेक्षा निदान वीतभर वर हवा, जास्त मिळाला तर आणखी चांगलं. चेसिसला ड्रिल मारायचं तर फक्त उभ्या पाटात. वरच्या-खालच्या कडांना भोक पाडू नका.

प्रेशरची लाइन

मेन गॅलरीवर (इंजिनातल्या ऑइलच्या मुख्य वाटेवर) जिथं प्रेशरचा सेन्सर आहे तिथून घ्या. पाव इंची, तारेच्या जाळीचा हायड्रॉलिक होज, दोन्ही टोकं मशीनवर दाबून घेतलेली. तांब्याची नळी लावू नका, थरथरीनं ती कडक होते आणि तुटते. सेन्सरच्या बारीक चुडीवर (आट्यांवर) टी, त्यावर सेन्सर, त्यावर होज असा मनोराही नको. छोटा होज काढून चेसिसवरच्या ब्लॉकवर टी घ्या. चुडी बीएसपी की एनपीटी (आट्यांच्या दोन वेगळ्या पद्धती) हे टर्नरकडून मोजून घ्या, दोन्ही एकमेकांत अर्ध्या वाटेपर्यंत जातात आणि मग गळतात. एक्झॉस्टपासून लांब ठेवा, तिथं फुटलेला होज म्हणजे आग.

फिल्टरमध्ये कमी प्रेशरला बंद होणारा व्हॉल्व्ह असलाच पाहिजे, साधारण २० ते ३० पीएसआयच्या खाली मिटणारा. आयडलिंगवर सगळं ऑइल बेअरिंगला जायला हवं. हा व्हॉल्व्ह नसलेला फिल्टर कितीही स्वस्त मिळाला तरी परत करा.

परतीची लाइन

मला सर्वांत जास्त झगडायला लागलं ते इथं, म्हणून सविस्तर सांगतो.

आत जाणाऱ्या ऑइलच्या मागं पंप आहे. नोझलमधून बाहेर पडलेल्या ऑइलच्या मागं काहीच नाही. हाउसिंगमध्ये प्रेशर शून्य असतं. तिथून चेंबरपर्यंत ऑइल जातं ते फक्त उताराच्या जिवावर. त्यात ते फवाऱ्यानं बाहेर पडल्यामुळे हवेत मिसळून फेसाळलेलं असतं, म्हणजे आत गेलं त्यापेक्षा बाहेर येणारा घनफळाचा पसारा मोठा. पाइपाच्या खालच्या अर्ध्या भागातून ऑइल उतरलं पाहिजे आणि वरच्या अर्ध्यातून हवा मोकळी ये-जा करू शकली पाहिजे. पाइप पूर्ण भरला की हवा कोंडते, ऑइल तुंबतं, हाउसिंग भरत जातं आणि रोटरचा तळ ऑइलात बुडतो. बुडालेला रोटर रेटा लावूनही फिरत नाही. वाईट म्हणजे बाहेरून काहीच कळत नाही. गेज बरोबर दाखवतं, गळती नसते, दिवा लागत नाही.

म्हणून आतला व्यास २५ मिलिमीटरच्या खाली कुठंही जाऊ देऊ नका. कुठंही म्हणजे निपलच्या आतही. एक इंची होज आणि त्याच्या टोकाला पाऊण इंचाहून कमी भोकाचं निपल, ही जोडी बाजारात सर्रास मिळते, आणि मग तो पूर्ण पाइप त्या भोकाइतकाच राहतो. कॅलिपर घेऊन दुकानात जा. फिल्टरचं तोंड २५ पेक्षा मोठं असेल तर त्याच मापानं शेवटपर्यंत जा. काटकोनी एल्बो टाळा. वळण हवंच असेल तर दोन ४५ अंशांचे घ्या.

उतार सलग हवा. गार इंजिनावर सरळ दिसणारा होज गरम झाला की मऊ पडतो आणि मध्ये झोळ धरतो. त्या झोळात ऑइल साचलं की हवेची वाट बंद. दर वीतभर अंतरावर क्लिपचा आधार द्या, पण इंजिन हलतं तेवढी ढील शेवटच्या टप्प्यात ठेवा. होज आतून स्प्रिंगची तार असलेला, ऑइलला चालणारा नायट्राइल रबराचा घ्या. रेडिएटरचा होज वापरू नका. त्याचं रबर पाण्यासाठी असतं, ऑइलात ते फुगतं आणि आतून पाइप अरुंद करतं.

आता टोक कुठं सोडायचं. ड्रेन प्लगच्या जागी सोडा असं सांगणारे खूप भेटतील, कारण त्यात चेंबर उतरवावं लागत नाही. करू नका. प्लग पातळीच्या खाली असतो, म्हणजे पाइप कायम ऑइलनं भरलेला राहतो आणि हवेला वाटच नसते. खंबाटकी चढताना चेंबरमधलं ऑइल मागं जातं, उतरताना पुढं येतं, आणि पाइपातला ऑइलचा खांब त्याबरोबर वरखाली होतो. शिवाय सगळ्यात खाली लोंबणारा होज एखाद्या दगडानं फाटला तर काही क्षणांत इंजिन कोरडं. टर्बोच्या ड्रेनला टी मारून सोडणं त्याहून वाईट. टर्बोचं ऑइलही उतारानंच परततं. तुम्ही त्यात गर्दी केली की ते सीलमधून बाहेर पडतं आणि हजारोंचा टर्बो जातो.

योग्य जागा एकच: क्रँककेसमध्ये (क्रँक फिरतो त्या इंजिनाच्या पोकळीत) उघडणारी, फुल मार्कच्या स्पष्ट वर. काही इंजिनांच्या ब्लॉकच्या बाजूला बंद प्लेट असते. ती काढून टॉर्चनं आत बघा. आत मोकळी क्रँककेस दिसली आणि ती जागा पातळीच्या वर असली, तर त्याच मापाची जाड प्लेट करून तिला निपल वेल्ड करून घ्या. चेंबर काढायची गरज नाही.

तशी प्लेट नसेल तर चेंबर उतरवाच. गाडी सपाट जागेवर उभी करून, डिपस्टिकचा फुल मार्क चेंबरवर बाहेरून खडूनं उतरवून घ्या, आणि भोक त्या रेषेच्या दोन बोटं तरी वर धरा. चेंबर खाली घेऊन, आतून-बाहेरून धुऊन, कोरडं करून मगच सॉकेट वेल्ड करा. गाडीवरच चेंबरला ड्रिल मारून "ग्रीस लावलं की चुरा आत जात नाही" म्हणणाऱ्या मिस्त्रीला थांबवा. थोडा चुरा जातोच, आणि तो ऑइल पंपाच्या जाळीपाशी जाऊन बसतो. वेल्डिंगनंतर चेंबरची कड वाकली नाही ना हे सपाट काचेवर ठेवून तपासा, नाहीतर नवं गॅस्केटही गळेल.

आणखी एक गोष्ट, जी जवळजवळ कुणी तपासत नाही: ब्रीदर, म्हणजे क्रँककेसमधली हवा बाहेर सोडणारी वाट. तो काजळीनं तुंबला असेल तर क्रँककेसमध्ये दाब साचतो आणि तो दाब परतीच्या पाइपातून उलटा वर येतो. मग तुमचा उतार कितीही चांगला असला तरी ऑइल उतरत नाही. ब्रीदरचा पाइप आणि जाळी डिझेलनं धुऊन घ्या. ब्रीदर मोकळा असूनही ऑइलच्या झाकणातून धुराचा जोरदार झोत येत असेल, तर रिंगा गेल्या आहेत आणि आधी तो खर्च करायचा आहे.

चालू करून तपासणी

ऑइल फुल मार्कपर्यंत भरा, इंजिन चालू करा, गळती बघा, पुन्हा पातळी बघून जेवढं लागेल तेवढं टाका.

खरी परीक्षा दुसऱ्या दिवशी पहाटे घ्या. थंड इंजिनाला प्रेशर सर्वांत जास्त असतं, व्हॉल्व्ह पूर्ण उघडा असतो, आणि ऑइल दाट असल्यामुळे परतीला सर्वांत हळू उतरतं. पाइप तुंबणार असेल तर तो याच वेळी तुंबेल. फेरे १५०० वर धरा, तीन-चार मिनिटं चालू द्या आणि इंजिन बंद करा. लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक हाउसिंगला आणि मूठ कानाला लावा. मोकळा रोटर इंजिन थांबल्यावरही आपल्या वेगानं फिरत राहतो आणि त्याची हळूहळू उतरत जाणारी घरघर ऐकू येते. इंजिन गरम झाल्यावर पुन्हा ऐका. तेव्हा ती अर्धा-एक मिनिट तरी टिकायला हवी. गरम इंजिनावर ऐकू येते आणि थंडीत इंजिनाबरोबरच गप्प होते, असं असेल तर परतीची लाइन अजून कमी पडते आहे. दोन्ही वेळा गप्प असेल तर आधी परतीची लाइन, मग व्हॉल्व्ह, मग नोझल, मग रोटरची बुशं, या क्रमानं शोधा. ड्रायव्हरला ही घरघर ऐकायला शिकवा. त्याच्याकडं रोज तपासायचा यापेक्षा सोपा उपाय नाही.

सफाई

पहिल्यांदा रोटर ऑइल बदलण्याच्या निम्म्या अंतरावर उघडा, म्हणजे थर किती वेगानं जमतो ते कळेल. जमलेला गाळ टायरच्या रबरासारखा घट्ट असतो. तो लाकडी पट्टीनं काढा, लोखंडी पात्यानं ओरखडे पडले की तोल जातो. नोझलमध्ये ड्रिल घालू नका, मऊ पितळी तार पुरे. रोटरच्या वरच्या आणि खालच्या भागावरच्या खुणा जुळवूनच बसवा, आणि दोन गाड्यांचे रोटर एकाच वेळी उघडले असतील तर झाकणं बदलू देऊ नका. त्यांचा तोल जोडीनं साधलेला असतो. गाळात चकाकी दिसली तर ती पुसून टाकण्याआधी नीट बघा. तांबूस झाक बेअरिंगची बातमी देते.

कागदी फिल्टर काढायचा नाही, तो वेळेवर बदलतच राहायचा. ऑइलचं अंतर मात्र अंदाजानं वाढवू नका. फिरकी काजळी आणि धातूचे कण काढते, पण ऑइलात मिसळलेलं डिझेल आणि आम्ल ती काढत नाही, आणि संपलेली रसायनं परत देत नाही. अंतर वाढवायचंच असेल तर प्रयोगशाळेत नमुना देऊन टीबीएन (आम्ल मारायची उरलेली ताकद), घट्टपणा आणि काजळीचं प्रमाण तपासून घ्या, आणि प्रत्येक वेळी एकाच ठिकाणी, गरम इंजिनातून नमुना काढा. खरवडलेला गाळ आणि त्यानं माखलेल्या चिंध्या जुन्या ऑइलसारख्याच घातक कचऱ्यात मोडतात. डब्यात झाकून ठेवा आणि परवाना असलेल्या वापरलेल्या ऑइलवाल्याकडंच द्या.