कडक ऊन सुरू व्हायच्या आत पूलची तयारी: आधी मोटर, मग गळती, औषध सगळ्यात शेवटी

समुद्राजवळच्या पूलला दोघं मिळून खातात, वरनं ऊन आणि बाजूने खारा वारा. ऊन पाण्यातलं क्लोरीन संपवतं, वारा लोखंड संपवतो, त्यामुळे तयारी दोन्हीकडची करावी लागते. पण बहुतेक जण पाणी जरा हिरवट दिसलं की थेट पावडरचा डबा उघडतात. अहो, फिल्टर अर्धा तुंबलेला, पंप हवा ओढतोय, पाणी धड फिरतच नाहीये, मग ती पावडर करणार काय? म्हणून खालचं सगळं त्याच क्रमाने करा, क्रम बदललात तर औषधं फुकट जातात आणि परत पहिल्यापासून सुरुवात.

सगळ्यात आधी कागद, पेन आणि मोजपट्टी. पूलमध्ये पाणी किती मावतं हे ज्यांना विचारावं ते अंदाजेच सांगतात. लांबी गुणिले रुंदी गुणिले सरासरी खोली, सगळं मीटरमध्ये, झालं. 8 बाय 4 चा पूल, उथळ बाजू 1 मीटर, खोल बाजू 1.8, मध्ये सरळ उतार, म्हणजे सरासरी 1.4, म्हणजे जवळपास 45 घनमीटर, 45 हजार लिटर. हा आकडा मोटरच्या खोलीत भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा कारण पुढचा सगळा हिशोब यावर आहे. 1 पीपीएम (दहा लाखात एक भाग) म्हणजे घनमीटरला 1 ग्रॅम, इतकं सोपं आहे ते. या पूलला क्लोरीन 2 पीपीएमने वाढवायचं तर 90 ग्रॅम शुद्ध क्लोरीन लागणार, 65 टक्क्यांची पावडर असेल तर साधारण 140 ग्रॅम, 10 टक्के लिक्विड असेल तर 900 मिली. आता कोणी "दोन मग टाका" म्हटलं की कळेल तो किती अंदाजपंचे बोलतोय ते.

मग मोटरखोली. मेन स्विच बंद केल्याशिवाय कशालाही हात लावू नका, आणि ओल्या पायाने तर तिकडे जाऊच नका. खारट हवेत पहिली जातात ती वायरची टोकं, वरनं सगळं ठीक दिसतं आणि झाकण उघडलं की स्क्रूवर हिरवट पांढरी पूड जमलेली असते. ती टोकं साफ करून घट्ट करायची, जास्तच खाल्ली असतील तर कापून नवीन लग लावायची, आणि हे काम इलेक्ट्रिशियनचं आहे, हौशी माणसाचं नाही. पूलच्या लाइनला 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का ते बघा, नसेल तर बाकीची यादी बाजूला ठेवून आधी तो बसवून घ्या, असेल तर त्याचं टेस्टचं बटण दाबा, खटकन पडला पाहिजे. मोटर नुसती गुणगुणते पण फिरत नाही म्हणजे बहुतेक वेळा कपॅसिटर गेलेला असतो किंवा इंपेलरमध्ये (पाणी ढकलणाऱ्या पंख्यात) कचरा अडकलेला, किंचाळल्यासारखा आवाज येतोय म्हणजे बेअरिंग, आणि मोटर आणि पंप जिथे जुळतात तिथून थेंब थेंब पाणी पडतंय म्हणजे मेकॅनिकल सील. हे सील लगेच बदला, कारण ते पाणी मागे बेअरिंगमध्ये शिरतं आणि मग अख्खी मोटर खाली उतरवावी लागते.

पंपाचं पारदर्शक झाकण आहे ना, त्याच्याकडे पाच मिनिटं नीट बघत बसा. आत पाणी काठोकाठ आणि शांत दिसायला हवं. वर हवेचा पट्टा दिसतोय, बुडबुडे नाचतायत, आणि पूलमध्ये पाणी परत येतं त्या तोंडातूनही बुडबुडे निघतायत, म्हणजे पंप कुठूनतरी हवा ओढतोय. सगळ्यात जास्त संशय झाकणाच्या ओ-रिंगवर. चालू पंपाच्या झाकणाच्या कडेने हळूहळू पाणी सोडा, बुडबुडे कमी झाले तर चोर सापडला. ओ-रिंग काढून पुसा, तिची खाचही पुसा (एक वाळूचा कण पुरतो), वाकवून बघा, बारीक भेगा दिसल्या तर नवीन घाला, नाहीतर सिलिकॉन ग्रीस लावून परत बसवा. पेट्रोलियम जेली लावू नका, बऱ्याच रबरांना ती फुगवते आणि ढिली करते. आणि हो, अ‍ॅसिडचे कॅन मोटरखोलीत ठेवायची सवय असेल तर आजच हलवा, बंद कॅनमधूनही वाफ थोडी थोडी येत राहते आणि लोखंडाला ती खाऱ्या वाऱ्यापेक्षा वाईट.

आता फिल्टर. वाळूचा फिल्टर धरून बोलतो कारण जास्त करून तोच असतो. बॅकवॉश (पाणी उलटं फिरवून वाळू धुणं) झाल्या झाल्या प्रेशर गेजचा काटा कुठे आहे तिथे मार्करने खूण करा, तो तुमचा स्वच्छ आकडा. त्याच्यावर 8 ते 10 पीएसआय चढला की बॅकवॉश, त्याआधी उगाच रोज करायची गरज नाही, वाळूत थोडा गाळ असला की ती उलट बारीक कचरा जास्त चांगला धरते. मल्टिपोर्टचा (फिल्टरवरच्या पाण्याची दिशा बदलणाऱ्या व्हॉल्व्हचा) दांडा फिरवायचा तो पंप बंद करूनच, चालू पंपावर फिरवला की आतलं चांदणीसारखं गॅस्केट सरकतं नाहीतर फाटतं आणि मग बॅकवॉशच्या पाइपातून पाणी कायम झिरपत राहतं, लोक महिनोन्महिने पूलच्या भिंतीत लिकेज शोधत बसतात आणि पाणी जात असतं इथून. व्हॉल्व्हच्या काचेत पाणी स्वच्छ दिसेपर्यंत बॅकवॉश, साधारण दोन-तीन मिनिटं, मग अर्धा मिनिट रिन्स, मग फिल्टरवर. पूलच्या तळाशी फिल्टरमधली वाळू येऊन पडत असेल तर आतले प्लॅस्टिकचे फणे तुटलेत, वाळू उपसून ते बदलावेच लागतात. वाळू बदलायची असेल तर फिल्टरचीच ग्रेडची वाळू, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची, एकसारख्या दाण्याची. किनाऱ्यावरची फुकट मिळते म्हणून भरायची नाही, तिच्यात शंखशिंपल्यांचा चुरा आणि मीठ असतं, दाणाही सारखा नसतो.

गळती. उन्हात आणि वाऱ्यात पाणी रोज काही मिलिमीटर नुसतं उडूनच जातं, त्यामुळे पातळी खाली गेली म्हणून लगेच फरशी फोडायला माणूस बोलवू नका. बादलीत पाणी भरा, बादली पूलच्या पायरीवर अशी ठेवा की आतलं आणि बाहेरचं पाणी एका पातळीवर येईल, दोन्हीकडे खूण करा आणि चोवीस तास थांबा. दोन्ही सारखंच उतरलं तर बाष्पीभवन, पूलचं जास्त उतरलं तर गळती. हेच एकदा पंप चालू ठेवून आणि एकदा बंद ठेवून करा. चालू असताना जास्त जात असेल तर पंपाच्या पुढच्या, दाबाखालच्या पाइपावर संशय, बंद असताना जास्त जात असेल तर पंपाकडे पाणी ओढून आणणाऱ्या लाइनवर, दोन्ही वेळा सारखंच तर पूलच्याच अंगात कुठेतरी. पातळी उतरून एका जागी थांबली तर ती जागा नीट बघा, स्किमरच्या (पाण्यावरचा कचरा ओढून घेणाऱ्या भिंतीतल्या खोबणीच्या) तोंडाशी थांबली तर स्किमर, दिव्याशी थांबली तर दिव्यामागची वायरची नळी. संशयाच्या जागी पंप बंद करून, पाणी अगदी स्थिर झालं की सिरिंजने थोडा रंग सोडायचा, गळत असेल तर रंगाची रेघ आत ओढली जाताना डोळ्याने दिसते. बारीक चीर असेल तर पाण्याखाली लागणारी एपॉक्सी पुट्टी मिळते, ती हाताने मळून दाबून भरता येते, पूल रिकामा करावा लागत नाही.

आणि रिकामा करण्याबद्दल जरा थांबून सांगतो कारण इथे सगळ्यात मोठं नुकसान होतं. समुद्राजवळ जमिनीखालचं पाणी बहुतेक वर असतं. पूल भरलेला असतो तोवर आतलं वजन त्या पाण्याला दाबून धरतं, रिकामा केला की तेच पाणी खालून उचलायला लागतं, आणि काँक्रीटचा अख्खा पूल होडीसारखा वर आल्याच्या घटना होतात. फायबरचा असेल तर तळ फुगतो, लायनर (आतलं प्लॅस्टिकचं अस्तर) असेल तर सुरकुत्या पडतात. त्यात कडक उन्हात कोरडं पडलेलं प्लास्टर तडकतं ते वेगळंच. तेव्हा "एकदा पूर्ण रिकामा करून धुऊन टाकू" हा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. पाणी बदलायचंच असेल तर थोडं थोडं काढून थोडं थोडं भरा, आणि दुरुस्तीसाठी पूर्ण रिकामा करणं भागच असेल तर पावसानंतर नाही, जमीन कोरडी असताना, तळाच्या जाळीखालचा दाब सोडणारा व्हॉल्व्ह काम करतोय याची खात्री करून आणि जाणकार माणूस सोबत घेऊन.

टाइलच्या फटी, कोपिंग (पूलच्या काठावरच्या लाद्या) आणि फरशीमधला रबरी जोड, हे फिरून बघा, टाइलवर नाण्याने टकटक केलं की सुटलेली टाइल पोकळ वाजते. शिडी आणि कठडा स्टीलचा असेल तर त्यावर तपकिरी डाग येतात, गोड्या पाण्याने वरचेवर धुतलं आणि मऊ कापडाने घासलं तर जातात. तारेचा काथ्या अजिबात नको, त्याचे लोखंडी कण स्टीलमध्ये रुततात आणि नवा गंज चढतो. नवीन घेणार असाल तर 316 ग्रेड मागा, 304 खाऱ्या हवेत टिकत नाही. तळाच्या ड्रेनची जाळी तुटलेली किंवा ढिली असेल तर ती बसेपर्यंत कोणालाही पाण्यात सोडायचं नाही, केस किंवा हात ओढला गेला तर सुटत नाही. यात चालवून घ्यायचं काही नाही.

एवढं झालं की मग पाणी. पंप काही तास चालवा, मग कोपरभर खोल हात घालून नमुना घ्या, वरचं पाणी नको आणि पाणी येतं त्या तोंडासमोरचंही नको. टेस्ट किटची तारीख बघा, गरम गाडीत पडून राहिलेली रसायनं खोटं बोलतात. अजून एक, क्लोरीन फारच जास्त असेल तर डीपीडीचा (किटमधल्या क्लोरीन मोजायच्या रसायनाचा) गुलाबी रंग उडून जातो आणि वाटतं शून्य आहे, मग लोक आणखी ओततात. गुलाबी चमकून पांढरं झालं तर नमुन्यात स्वच्छ पाणी मिसळून परत बघा.

आकडे असे, पीएच सोडून सगळे पीपीएममध्ये: अल्कलिनिटी (पीएच स्थिर ठेवणारा पाण्याचा गुण) 80 ते 120, पीएच 7.2 ते 7.8, त्यातही 7.4-7.6 च्या आसपास बरं, कॅल्शियम हार्डनेस 200 ते 400, स्टॅबिलायझर (क्लोरीनला उन्हापासून वाचवणारं, पुढे सांगतो) 30 ते 50. आधी अल्कलिनिटी, मग पीएच, मग बाकीचं. अल्कलिनिटी कमी असेल तर साधा खाण्याचा सोडा चालतो, आपल्या 45 घनमीटरच्या पूलला 20 पीपीएमने वाढवायला दीड किलो. पीएच सोडून नुसतं क्लोरीन बघणाऱ्यांसाठी एवढंच, 7.5 ला क्लोरीनचा साधारण अर्धा भाग जंतू मारण्याच्या कामाचा असतो, 8 ला पाव.

स्टॅबिलायझर म्हणजे सायन्युरिक अ‍ॅसिड, हे उन्हाच्या जागी फार महत्त्वाचं. ते नसेल तर भर उन्हात दोन-तीन तासांत बहुतेक क्लोरीन उडून जातं. पण जास्त झालं की तेच क्लोरीनला इतकं धरून ठेवतं की ते कामच करत नाही, आणि ते उन्हाने जात नाही, उडत नाही, फक्त पाणी बदलूनच कमी होतं. मोठ्या पांढऱ्या गोळ्या, ट्रायक्लोर, रोज वापरणारे इथेच फसतात, कारण प्रत्येक 10 पीपीएम क्लोरीनमागे त्या 6 पीपीएम स्टॅबिलायझरही टाकत जातात. सिझन अर्धा होईपर्यंत आकडा शंभरच्या वर, क्लोरीन 3 दिसतंय आणि तरी पाणी हिरवं. ढोबळ हिशोब असा की मोकळं (अजून खर्ची न पडलेलं) क्लोरीन स्टॅबिलायझरच्या साडेसात टक्के तरी हवं, 40 ला 3, आणि 100 असेल तर साडेसात. माझं मत विचाराल तर रोजच्यासाठी लिक्विड, गोळ्या फक्त बाहेरगावी जाताना. फक्त लिक्विड एका वेळी फार भरून ठेवू नका, उन्हाळ्यात कॅनमध्ये पडून पडून त्याचा जोर जातो.

शेवाळ असेल तर आधी ब्रश, मग संध्याकाळी ऊन उतरल्यावर जास्तीचा डोस, रात्रभर पंप चालू. काळे ठिपके चिवट असतात, काँक्रीटवर स्टीलचा ब्रश चालतो, फायबर किंवा लायनरवर फक्त नायलॉन. आणि पूलवर क्लोरीनचा भपका येतोय म्हणजे क्लोरीन जास्त झालंय असं नाही, बहुतेक वेळा घाम-लघवीशी मिसळून खर्ची पडलेल्या क्लोरीनचा तो वास असतो, म्हणजे उलट अजून टाकायची गरज आहे.

टाकताना गॉगल आणि हातमोजे. अ‍ॅसिड पाण्यात ओतायचं, अ‍ॅसिडवर पाणी कधीच नाही. क्लोरीन आणि अ‍ॅसिड एकत्र आलं की विषारी वायू, आणि गोळ्यांचा चुरा व पावडर एका डब्यात गेले तर आग किंवा स्फोट होऊ शकतो, म्हणून दोघांना मोजायचं माप सुद्धा वेगळं ठेवा.

वादळाचा इशारा आला तर पूल रिकामा करायचा नाही, वरचं आहे ते कारण इथेही आहे. खुर्च्या, छत्र्या, ब्रश आत न्या, कव्हर गुंडाळा कारण वाऱ्यात ते फाटतंच, पाण्यातलं क्लोरीन थोडं वाढवून ठेवा आणि मेन बंद करा. नंतर मोटरमध्ये पाणी शिरलंय असं वाटलं तर वाळली म्हणून बटण दाबू नका, इलेक्ट्रिशियनने बघेपर्यंत बंदच ठेवा, तोवर जाळीने पाला काढत राहा आणि हाताने क्लोरीन टाकून ब्रशने ढवळत राहा.