इन्फ्रारेड रिसीव्हरसाठी रेग्युलेटर निवडताना

रेग्युलेटरचा, म्हणजे व्होल्टेज ठरावीक आकड्यावर धरून ठेवणाऱ्या चिपचा, डबा उघडण्याआधी रिमोटचा सिग्नल पकडणाऱ्या रिसीव्हरची डेटाशीट (कंपनीचं माहितीपत्रक) उघडा. टीएसओपी १७३८ हा रिसीव्हर असेल तर ४.५ ते ५.५ व्होल्ट लागतात. टीएसओपी ३८२३८ मात्र २.५ व्होल्टपासूनच चालतो. सिग्नल पुढे कुठे जाणार तेही आत्ताच ठरवून टाका. रिसीव्हरच्या आउटपुटला आतूनच सप्लायकडे पुल-अप (आउटपुट वर खेचून धरणारा रेझिस्टर) असतो, म्हणजे ५ व्होल्ट दिलेत की रिमोट गप्प असताना आउटपुटही ५ व्होल्टवर बसलेलं. रास्पबेरी पाय या छोट्या काँप्युटरची पिन ते सोसत नाही. तिथे ३८२३८ घ्या आणि ३.३ व्होल्टवर चालवा, विषय संपला.

आता करंट. बहुतेक जण इथेच फसतात, कारण सवयीने हात ७८०५ या ५ व्होल्टच्या नेहमीच्या रेग्युलेटरकडे जातो. रिसीव्हरला लागतो जेमतेम एक मिलिअँपियर, बहुतेकदा त्याहूनही कमी. आणि ७८०५ नुसता बसल्या जागी पाचेक मिलिअँपियर खातो. नाकापेक्षा मोती जड! अडॅप्टरवर चालणार असेल तर खुशाल लावा, काही बिघडत नाही. पण ५०० मिलिअँपियर-तासांची ९ व्होल्टची बॅटरी एकटा ७८०५ चार दिवसांत संपवेल, कुणी रिमोटला हात न लावता. ७८एल०५ आकाराने लहान, भूक साधारण तेवढीच. एलएम३१७ चा तर विचारच नको, त्याला व्होल्टेज धरून ठेवायलाच काही मिलिअँपियरचा लोड लागतो.

इनपुट मोजा, आणि लोड लावून मोजा. जुन्या काँप्युटरच्या सिरियल पोर्टवर रिसीव्हर बसवणाऱ्यांसाठी हे खास. रिसीव्हरला सप्लाय देणाऱ्या आरटीएस पिनवर मोकळ्यात १० व्होल्ट दिसतात म्हणून खूश होऊ नका. पिन आणि ग्राउंडमध्ये १ किलोओहमचा रेझिस्टर धरून पुन्हा बघा. ७८एल०५ ला सुमारे ७ व्होल्ट हवेत, शिवाय उलट्या व्होल्टेजपासून वाचवणारा डायोड अर्धा-पाऊण व्होल्ट घेतो तो वेगळाच. काही लॅपटॉपच्या पोर्टवर मुळात ५-६ व्होल्टच निघतात, तिथे ७८एल०५ मान टाकतो. अशा ठिकाणी माझी पसंती एलपी२९५० ला: स्वतःचा खर्च ७५ मायक्रोअँपियरच्या आसपास, एवढ्याशा लोडवर ड्रॉपआउट (इनपुट आउटपुटपेक्षा निदान जेवढं जास्त लागतं तो फरक) नगण्य, इनपुट ३० व्होल्टपर्यंत. आउटपुटला निदान १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर मात्र द्यायलाच हवा.

एमसीपी१७०० त्याहून काटकसरी, पण इनपुट ६ व्होल्टच्या वर गेला की संपला. एचटी७३३३ ची मर्यादा १२ व्होल्ट. ट्रान्सफॉर्मरवाला, रेग्युलेट न केलेला ९ व्होल्टचा अडॅप्टर लोड नसताना सहज १२-१३ दाखवतो, तेव्हा छापलेल्या आकड्यावर जाऊ नका.

रेग्युलेटर कुठलाही असो, रिसीव्हरच्या सप्लायमध्ये १०० ओहमचा रेझिस्टर आणि पायांशी अगदी चिकटून ४.७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर ठेवा. आतला अॅम्प्लिफायर इतका संवेदनशील असतो की सप्लायमधली किरकिर त्याला रिमोटसारखी वाटते. रेंज घटते, नाहीतर बटण न दाबताच पल्स येऊ लागतात. मोबाइल चार्जरचे ५ व्होल्ट वापरणार असाल तर रेग्युलेटर नको, हा फिल्टर मात्र हवाच.

शेवटी पाय. ७८०५ ची छापील बाजू समोर धरली, पाय खाली, की डावीकडून इनपुट, ग्राउंड, आउटपुट. ७८एल०५ ची सपाट बाजू तशीच धरली तर क्रम नेमका उलटा. मी एकदा घाईत ७८०५ च्याच क्रमाने डाग दिला होता, बोटाला चटका बसला तेव्हा कळलं. रिसीव्हरचंही तेच: १७३८ मध्ये ग्राउंड, सप्लाय, आउटपुट, ३८२३८ मध्ये आउटपुट, ग्राउंड, सप्लाय. म्हणून आधी ब्रेडबोर्डवर (डाग न देता भाग खोचायच्या पाटीवर) नुसता रेग्युलेटर लावा, आउटपुटवर मीटर धरा, आकडा बरोबर आला की मगच रिसीव्हर खोचा.