गवतातला भुंगेरा की पतंग, कसं ओळखायचं

सप्टेंबरात मुंबईतल्या आरेच्या गवतात भडक रंगाचं काही दिसलं की आपण फुलपाखरू म्हणून मोकळे होतो. पण ब्लिस्टर बीटल हा भुंगेरा आणि क्रोटलारिया मॉथ हा पतंग, दोघंही दिवसाढवळ्या उघड्यावर बसतात, त्यामुळे पतंग फक्त रात्रीच दिसतो हे आधी डोक्यातून काढून टाका.

पहिली नजर पाठीवर टाका. भुंगेऱ्याच्या पाठीवर दोन कडक झाकणं असतात, काळी आणि त्यावर केशरी-पिवळे पट्टे, ती मधोमध सरळ रेषेत जुळतात. उडायचे पातळ पंख त्याखाली घडी घालून ठेवलेले. पतंगाला अशी झाकणं नसतातच, त्याचे पांढरे पंख अंगाला लपेटलेले, त्यावर काळे-लाल ठिपके. दचकला की थोडंसं उडून परत गवतात उतरतो. मिशाही बघा, भुंगेऱ्याच्या टोकाकडे जाड होत जातात, पतंगाच्या दोऱ्यासारख्या बारीक.

मग खातोय काय ते बघायचं. भुंगेऱ्याला जबडा असतो, तो जास्वंदीच्या, भेंडीच्या फुलांच्या पाकळ्या सरळ कुरतडतो, पतंग सोंडेने मध पितो. पिल्लांचं तर अजूनच वेगळं, भुंगेऱ्याच्या अळ्या जमिनीत नाकतोड्यांची अंडी खातात, आणि पतंगाच्या अळ्या खुळखुळ्याच्या, म्हणजे क्रोटलारिया या झाडाच्या, पानाशेंगांवर वाढतात. मला यातलं सगळ्यात भारी हे वाटतं की दोघांचे रंग 'मला खाऊ नको' असंच सांगतात पण विष येतं दोन वेगळ्या वाटांनी: पतंग ते अळी असताना खुळखुळ्यातून घेतो, भुंगेऱ्यात मात्र नर ते स्वतः तयार करतो आणि मीलनात मादीला देतो.

भुंगेऱ्याच्या विषाचं नाव कँथरिडिन, कातडीला लागलं की फोड येतात. म्हणून भुंगेरा अंगावर बसला तर चापट अजिबात मारू नका, फुंकर मारा नाहीतर काडीने बाजूला करा, लहान मुलं सोबत असतील तर त्यांना आधीच सांगून ठेवा. पतंगालाही चिमटीत धरू नका, तो मानेजवळून फेस सोडतो आणि पंखांवरचे खवले निघतात ते वेगळंच.

फोटो तीन काढा, बरोब्बर वरून एक, बाजूने मिशा दिसतील असा एक आणि ज्या झाडावर बसलाय त्याचा एक. सकाळी लवकर गेलात तर बरं, गारव्यात दोघंही सुस्त असतात. खुळखुळ्याची पिवळी फुलं दिसली की तिथे थांबा, शेंगेला भोक असेल तर पतंगाची अळी आत असू शकते.